एक्स्प्लेनर : परीकथेचा शेवट का बदलतो?
सारा जे. मास यांची २०१५ ची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही कादंबरी 'ब्यूटी अँड द बीस्ट' या जुन्या फ्रेंच परीकथेवर बेतलेली आहे.

आपल्याकडे असे काही आहे?
अमोल पालेकर दिग्दर्शित 'पहेली' (२००५). मूळ कथा विजयदान देथा यांची राजस्थानी 'दुविधा'. नवरा व्यापाराला जातो, त्याचे रूप घेऊन भूत घरी येते. पण नवरीला खरे सांगते.

बदलले काय?
कथेत भूत कैद होते, नवरी एकटी पडते. चित्रपटात भूत नवऱ्याच्या शरीरात शिरते, तिला प्रेम मिळते.

महत्त्व काय?
मराठी-तेलुगू कानावर पडणाऱ्या बिलोलीतही सांगणारा बदलला की गोष्ट बदलते. प्रश्न एकच : मुलीची इच्छा कोणी विचारली का?