अर्धसत्याची जाहिरात

लग्नसराई जवळ आली की जळगावचा सराफ बाजार आणि धुळ्याचा आग्रा रोड फलकांनी भरून जातो. ‘मजुरीवर ५० टक्के सूट’ हा त्यांतील नित्याचा मजकूर. त्यात असत्य काही नसते. परंतु मजुरी २० टक्के धरून निम्मी सोडली, आणि शेजारची पेढी मुळातच १० टक्के आकारत असली, तर ग्राहकाच्या पदरात काय पडले? कापड दुकानावरील ‘७० टक्क्यांपर्यंत सूट’ या पाटीचे मर्मही ‘पर्यंत’ या बारीक अक्षरांतील शब्दात दडलेले असते.

जैन न्यायात या दोषाला नेमके नाव आहे : नयाभास. वस्तूकडे एका अंगाने पाहणे हा नय. तेच अंग पूर्ण सत्य मानून इतर अंगे नाकारणे हा नयाभास. जाहिरात इतर अंगे नाकारत नाही, त्यांविषयी मौन पाळते. परिणाम मात्र तोच होतो.

दागिन्यात प्रश्न काही हजारांचा असतो, ठेवीत आयुष्याच्या पुंजीचा. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेत हजारो ठेवीदारांच्या रकमा अडकल्या आणि २०१५ मध्ये तिच्यावर अवसायक नेमला गेला. कोणतीही ठेव ठेवताना घरोघरी जे युक्तिवाद होतात, ते म्हणूनच तपासून पाहावेत. ‘व्याज बँकेपेक्षा अधिक आहे.’ मग जोखीमही अधिक नाही ना? ‘इतक्या लोकांनी पैसे ठेवले, ते काय वेडे आहेत?’ त्यांनीही कदाचित एकमेकांकडे पाहूनच ठेवले असतील. ‘चालक आपल्या ओळखीचे आहेत.’ ओळख माणसाची असते, ताळेबंदाची नव्हे. ‘आजवर व्याज वेळेवर मिळाले.’ त्यावरून मुद्दल सुरक्षित आहे असे सिद्ध होत नाही.

या साऱ्यात न बोललेले अंग असे : बँकेतील ठेवीला, मुद्दल व व्याज मिळून, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्यापूर्वी ते १ लाख होते. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा लागू नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच दोष घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मूळ दाव्याला छेद देणारा खुलासा बारीक अक्षरांत छापून सुटका होत नाही, हे जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्ट केले आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे.

आपला समाज जाहिराती वाचतो तसा त्या देतोही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत घेण्याचे व देण्याचे माप वेगळे ठेवणे सांगितले आहे. जाहिरातीचा शब्द हेही एक मापच होय. ठेवीचे पत्रक हाती घेताना जो प्रश्न आपण विचारावा, तोच आपल्या दुकानाची जाहिरात छापायला देण्यापूर्वीही विचारावा : यात काय सांगायचे राहिले आहे?