गाडी टायर खाते तेव्हा

चाक आणि वाट : लेखांक ९

वेंगुर्ल्यात पंक्चरच्या कुठल्याही टपरीबाहेर जुन्या टायरांची चळत दिसते. मी तिथे थांबलो की आधी त्या चळतीकडे जातो. टाकून दिलेला टायर सगळं खरं सांगतो. एखादा मधोमध गुळगुळीत आणि कडांना नवा. एखाद्याच्या दोन्ही कडा गेलेल्या, मधली नक्षी शाबूत. एखादा फक्त आतल्या बाजूने तारा दिसेपर्यंत खाल्लेला. मालकाने नवा टायर घातला, पैसे दिले आणि गेला. आधीचा का झिजला हे सांगणारा टायर मात्र इथेच राहिला. दोन हंगामांत मालक परत येणार, त्याच दुखण्याचा दुसरा टायर घेऊन.

या भागात ओढून न्यायच्या गाड्यांबद्दल लिहितो आहे. ट्रॅक्टरमागची चिऱ्याची ट्रॉली, पॉवर टिलरमागचा छोटा ट्रेलर, होडी वाहायची ट्रॉली आणि आता हळूहळू किनाऱ्यावर दिसू लागलेली कॅराव्हॅन. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून मोटारीमागे घर ओढत कोकणात उतरण्याची कल्पना आपल्याकडेही रुजते आहे. घर असो की चिरे, खाली गोष्ट एकच : एक आडवा एक्सल, दोन टोकांना दोन चाकं, वर पाटे आणि पाट्यांवर ओझं.

मोटारीत काही बिघडलं तर स्टिअरिंग हाताला सांगतं. गाडी एका बाजूला ओढते, थरथरते, ब्रेकवर वाकडी जाते. मागच्या ट्रॉलीत माणूसच बसलेला नसतो. तिचा एक्सल वाकला, पाटा तुटला तरी पुढे ट्रॅक्टरवरच्या माणसाला डिझेल थोडं जास्त लागल्याखेरीज काही कळत नाही. तिला बोलायला एकच तोंड आहे, ते म्हणजे टायर. म्हणून माझा आग्रह असतो की नवा टायर घालण्याआधी जुना नीट बघा, आणि तो कुठल्या बाजूचा, त्याची आतली कड कोणती, हे खडूने लिहून ठेवा. आपल्याकडे एक सवय आहे : कड खाल्ली की टायर रिमवरून उतरवायचा, उलटा घालायचा आणि दुसरी कड वापरायची. पैसे वाचतात हे खरं, पण पुरावा पुसला जातो.

हवेचं दुखणं ओळखायला सोपं. हवा जास्त असली की टायर मध्ये फुगतो आणि मधोमध झिजतो. कमी असली की दोन्ही खांदे जमिनीला लागतात आणि दोन्ही कडा जातात. शिवाय बाजूची भिंत सतत दुमडत राहते, तापते आणि एक दिवस फाटते. वाळूत चाक रुतू नये म्हणून हवा उतरवायची आणि तशीच गाडी डांबरी रस्त्यावर काढायची, हे किनाऱ्यावर सर्रास चालतं. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. ट्रॉली उन्हातून धावून आली की मोजणी फसवते.

खरा पेच एका कडेच्या झिजेत आहे, आणि तो मी घरच्याच गाडीवर शिकलो. माझ्या मावसभावाची दोन चाकी चिऱ्याची ट्रॉली. दोन्ही टायर आतून गेले. त्याने नवे घातले, आणि पावसाळ्याआधीच तेही आतून गेले. टायरच खराब निघाले, असं तो ठामपणे म्हणत होता. ट्रॉली एका वयस्क मेस्त्रींकडे नेली. त्यांनी टायरकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी विचारलं, “झिला, चिरे किती भरतंस?”

हिशेब करून बघा. जांभ्याचा चिरा तीसेक किलोच्या घरात असतो, आणि खाणीतून नुकता निघालेला ओला चिरा त्याहून जड, कारण जांभा पाणी धरून ठेवतो. शंभर चिरे म्हणजे तीन टन. ट्रॉली तीन टनांची, आणि भाऊ फेरी वाचवण्यासाठी दीडशे भरायचा : साडेचार टन.

एक्सलला दोन्ही टोकांना चाकं उचलून धरतात आणि मधून पाटे त्याला खाली दाबतात. चांगला एक्सल म्हणून मुळातच मधे किंचित वर कमान देऊन बनवलेला असतो, भार आला की तो सरळ व्हावा. भार प्रमाणाबाहेर गेला की कमान उलटी होते, मधला भाग खाली झोलतो आणि दोन्ही चाकांचे माथे एकमेकांकडे कलतात. चाक आतल्या कडेवर उभं राहिलं की तीच कड झिजणार. एकदा लोखंड कायमचं वाकलं की गाडी रिकामी केली तरी ते परत येत नाही. दोन्ही टायर सारखेच आतून गेले असतील तर ओझ्यावर संशय घ्या. एकाच बाजूचा गेला असेल, तर खड्ड्यात किंवा मोरीच्या कठड्याला आपटून त्या टोकाचा दांडा वाकला असण्याची शक्यता जास्त.

मेस्त्रींनी ते मोजलं ओळंब्याने. चिऱ्याची भिंत सरळ आहे का हे ज्या ओळंब्याने बघतात, त्याच ओळंब्याने. ट्रॉली सपाट जागी उभी केली, दोरी टायरच्या फुगीर भागाला लागू नये म्हणून वर एक फळकूट धरून ती लांब सोडली, आणि रिमच्या वरच्या कडेपासून दोरीचं अंतर आणि खालच्या कडेपासूनचं अंतर पट्टीने घेतलं. सोळा इंची रिमवर सात मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंशाचा कल. भावाच्या गाडीला एका बाजूला अकरा आणि दुसऱ्या बाजूला तेरा मिलिमीटर निघाले.

मग त्यांनी टायरवर हात फिरवला. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. “हात फिरवून बग,” म्हणाले. एका दिशेने तळवा गुळगुळीत सरकला, उलट दिशेने नक्षीचा प्रत्येक ठोकळा करवतीच्या दात्यासारखा टोचला. ही खूण कलाची नव्हे. चाकाचं तोंडच तिरकं असलं, म्हणजे चाक एकीकडे बघतंय आणि गाडी दुसरीकडे जातेय, की असे दाते पडतात. चाक एक अंश जरी तिरकं असलं तरी प्रत्येक किलोमीटरला ते साधारण साडेसतरा मीटर आडवं फरफटतं. मठ रस्त्याने दहा किलोमीटर गेलात तर पावणेदोनशे मीटर टायर रस्त्यावर आडवा घासला. जगातला कुठला रबर हे सोसेल?

तिरकेपण दोन ठिकाणांहून येतं. एक्सल स्वतः वाकलेला असतो, किंवा सरळ एक्सल गाडीखाली तिरका बसलेला असतो. दुसरं शोधायला टेप आणि दोन माणसं पुरतात. दांडीच्या पिनेच्या छिद्रापासून एक्सलच्या डाव्या टोकापर्यंत मोजा, मग उजव्या टोकापर्यंत. दोन्ही मापं जुळली पाहिजेत. भावाच्या ट्रॉलीत डावी बाजू जवळजवळ वीस मिलिमीटर मागे होती. कारण पाट्याखाली सापडलं : यू-बोल्ट सैल पडलेले, आणि पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटून दोन तुकडे झालेले. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग जुना, गंजून काळा. अर्धा ताजा, चमकणारा. म्हणजे तो कित्येक दिवस अर्ध्या जिवावर तग धरून होता. खारी हवा पाट्यांच्या मधे शिरते, गंज फुगतो, पाटे एकमेकांवर सरकायचे थांबतात आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. किनाऱ्यावरच्या गाड्यांना हे दुखणं घाटावरच्यांपेक्षा लवकर गाठतं. यू-बोल्ट हंगामाच्या सुरुवातीला आणि मधे एकदा आवळायला दहा मिनिटं लागतात. कुणी आवळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर ती गोष्ट वेगळी : चाक उड्या मारतंय. बेअरिंग ढिली असते, बुश गेलेले असतात किंवा चाकाचा तोल गेलेला असतो. चाक जॅकवर उचला, वर-खाली दोन हातांनी धरून हलवा. खडखड जाणवली तर आधी बेअरिंग. होडीच्या ट्रॉलीचं चाक खाऱ्या पाण्यात बुडतं, म्हणून तिथे बेअरिंग हा वेगळाच विषय आहे. त्यावर पुढच्या आठवड्यात सविस्तर.

कॅराव्हॅनवाल्यांसाठी थोडं. दोन एक्सलची गाडी जागेवर वळवली की चारही टायर आडवे घासतातच, ती झीज एक्सलच्या खाती मांडू नका. पुढची दांडी फार उंच जोडली तर भार मागच्या एक्सलवर जातो आणि मागचे टायर आधी जातात. काही कॅराव्हॅनना पाटे नसतात, एक्सलच्या नळीत रबर असतो. तो बसला की दुरुस्ती नाही, एक्सलच बदलावा लागतो. आणि वर्षातले दहा महिने उभ्या असलेल्या गाडीचा टायर झिजून नव्हे, वयाने मरतो. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसली तरी आधी तो आकडा वाचा, मग भिंतीवरच्या बारीक भेगा बघा.

वाकलेला एक्सल गॅसने लाल करून हातोडीने सरळ करणारे भेटतील. करू देऊ नका. तापवलेल्या जागी लोखंडाची ताकद जाते आणि पुढच्या ओझ्याला ते तिथेच दुमडतं. थंड असतानाच प्रेसवर सरळ होत असेल तर ठीक, नाहीतर नवा घाला. भावाला नवा घालावा लागला. नव्या टायरांना आधीच दिलेले पैसे वाया गेले होते, ते वेगळेच.

नवा एक्सल बसल्यावर मेस्त्रींनी दोन्ही टायरांवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढली, शंभर चिरे भरायला लावले आणि ट्रॉली सरळ रस्त्यावर थोडी चालवून आणायला सांगितली. आम्ही परत आलो तेव्हा ते खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. खडू दोन्ही टायरांवर कडेपासून कडेपर्यंत सारखा पुसला होता. भाऊ उरलेल्या पन्नास चिऱ्यांच्या ढिगाकडे बघत होता. त्यांच्यासाठी त्याने दुसरी फेरी मारली.