दोन मिलिमीटरची तडजोड

ब्रिटनमधली बहुतेक हौशी मंडळी आपली छोटी रेल्वे 'ओओ' प्रमाणात मांडतात: खऱ्या एका फुटाला 4 मिलिमीटर. 'क्लास 37' हे मालगाड्या ओढणारं डिझेल इंजिन त्यात जेमतेम 25 सेंटीमीटरचं होतं. पण रुळांकडे नीट बघा. खऱ्या रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर. या हिशेबाने मॉडेलमध्ये ते 18.83 हवं, असतं मात्र 16.5. कारण जुनं आहे. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अरुंद आणि बुटकी. त्यांच्या छोट्या प्रतिकृतींत तेव्हाच्या मोटारी मावेनात, म्हणून रूळ तेच ठेवून गाड्याच मोठ्या केल्या. काही जण ही तडजोड मानत नाहीत, 18.83चे रूळ हाताने जोडतात. त्या चिकाटीला सलाम.

मला मात्र खरी कला दिसते ती कोळशाच्या वाघिणीत. 1960च्या दशकात आलेल्या, पुढे 'एचएए' म्हणून ओळखल्या गेलेल्या वाघिणी 32 टन कोळसा वीजकेंद्रात चालत्या गाडीतूनच खाली सोडत. मॉडेल येतं नवंकोरं, चकचकीत. मग बारीक ब्रशने चाकांजवळ ब्रेकची तपकिरी धूळ चढते, सांध्यांवर गंज, आतल्या बाजूला काळी पूड. शेजारच्या दोन वाघिणी सारख्या मळवायच्या नाहीत. खऱ्याही तशा मळत नसत.