संगणकाचा टास्क मॅनेजर नीट उघडत नसेल तर

हिशेबाचा प्रोग्राम चालता चालता गोठून बसणे, हा अनुभव आता बहुतेक व्यापारी बांधवांना आलेला आहे. माऊस फिरतो, पण खतावणी पुढे सरकत नाही. अशा वेळी विंडोजमध्येच असलेले एक साधन कामास येते, ते म्हणजे टास्क मॅनेजर. या घटकेला संगणकात कोणकोणते प्रोग्राम चालू आहेत आणि कोणता किती मेमरी खातो आहे, याची ती हजेरीच होय. जो अडून बसला असेल त्याला निवडून 'एंड टास्क' केले की तो बंद होतो. मात्र त्यात जतन न केलेली नोंद जाते, हे ध्यानात ठेवावे. १९९६ साली विंडोज एनटी ४ बरोबर हे साधन आले आणि आज आपल्या दुकानांतून चालणाऱ्या विंडोजमध्ये ते असतेच, वेगळे विकत घ्यावे लागत नाही. अडचण होते ती हे साधनच धड उघडत नाही तेव्हा.

२०१८ साली आमच्यावर हीच वेळ आली. जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याची २० तारीख तोंडावर होती, कापडाची बिले चढवणे चालू होते आणि प्रोग्राम अडला. आमच्या विंडोज ७ च्या संगणकावर टास्क मॅनेजर उघडला तर समोर नुसता हिरव्या रेषांचा आलेख! वर शीर्षकाची पट्टी नाही, मेनू नाही, बंद करण्याची फुलीसुद्धा नाही. आम्ही घाबरलो. बोलावलेल्या कारागिराने एक नजर टाकून 'व्हायरस आहे' असे सांगितले आणि संगणक फॉरमॅट करून दिला. आमच्याजवळ हिशेबाची जी प्रत होती ती तीन महिन्यांपूर्वीची. मधली सगळी बिले पुन्हा चढवण्यात आमच्या मुलाच्या आणि गुमास्त्याच्या अकरा रात्री गेल्या, विलंब शुल्क भरावे लागले ते वेगळेच.

पुढे कळले की तो व्हायरस नव्हताच. विंडोज एक्सपी आणि ७ मध्ये टास्क मॅनेजरच्या खिडकीत कडेच्या मोकळ्या जागेवर चुकून डबल क्लिक झाले की ती आपला पसारा आवरून घेते, कमी जागेत मावावी म्हणून तशी सोयच केलेली आहे. त्याच कडेवर पुन्हा डबल क्लिक केले की पट्टी, मेनू, सारे परत येते. एका क्लिकचे काम, आणि आम्ही तीन महिन्यांची वही गमावली.

विंडोज १० मध्ये हाच प्रकार दुसऱ्या रूपात दिसतो. फक्त चार-दोन प्रोग्रामची नावे असलेली लहानशी खिडकी उघडते. तिच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात 'मोअर डिटेल्स' असे लिहिलेले असते, ते दाबावे. विंडोज ११ मध्ये २०२२ च्या सुधारणेनंतर वरचे कप्पे डाव्या बाजूला उभ्या ओळीत गेले आहेत आणि तिथे नुसती चिन्हे दिसतात. कोपऱ्यातील तीन आडव्या रेघा दाबल्या की नावेही दिसतात. काही बिघडलेले नसते.

खिडकी मुळीच उघडत नसेल तर आधी वाट बदलून पाहावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून ती सरळ उघडते. नाहीतर विंडोजचे बटण आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत टी-ए-एस-के-एम-जी-आर ही अक्षरे लिहून एंटर करावे. उघडून लगेच मिटत असेल किंवा वेडीवाकडी दिसत असेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट दाबून धरून ती सुरू करावी, म्हणजे तिच्या जुन्या सेटिंग पुसल्या जातात. तरीही नाहीच, तर संगणकावर दुसरे युजर खाते काढून तिथे पाहावे. तिथे नीट चालत असेल तर विंडोज शाबूत आहे, दोष आपल्या खात्यात आहे. तिथेही अडत असेल तर विंडोजच्या मूळ फायली तपासाव्या लागतात. त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडावा, एस-एफ-सी लिहून एक जागा सोडावी, मग तिरकी रेघ आणि तिला जोडून 'स्कॅन' व 'नाऊ' हे शब्द इंग्रजीत सलग लिहावेत. यास वेळ लागतो, मध्येच बंद करू नये.

आता खरी काळजीची गोष्ट. टास्क मॅनेजर उघडण्याऐवजी 'ॲडमिनिस्ट्रेटरने तो बंद केला आहे' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला तर तो शांतपणे वाचावा. मोठ्या कचेरीत किंवा बँकेत असे मुद्दाम केलेले असते, ते ठीक. पण दुकान आपले, संगणक आपला, मग हा ॲडमिनिस्ट्रेटर कोण? घरच्या कोणी केले नसेल तर घातक प्रोग्राम आत शिरल्याचा संशय घ्यावा. चोर आत आला की आधी दिवा मालवतो. आपले नाव हजेरीत दिसू नये म्हणून असे प्रोग्राम विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून टास्क मॅनेजर बंद पाडतात.

अशा वेळी प्रथम इंटरनेट तोडावे. त्या संगणकावरून बँकेचा एकही व्यवहार करू नये, पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून बदलावेत. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवावा. यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागी होण्याआधीच तपासणी होते, साधारण पाव तासात. रजिस्ट्रीतील ती नोंद काढण्याचे काम यानंतरचे. काही जण घाईने आधी तेच करतात, आणि आत बसलेला प्रोग्राम ती नोंद पुन्हा घालतो. रजिस्ट्रीला आपण स्वतः हात लावू नये हे बरे, जाणकाराकडून आणि तिची प्रत काढूनच ते करवून घ्यावे.

'तुमच्या संगणकात बिघाड दिसतो आहे, आम्ही इथूनच नीट करतो' असा फोन आपणहून आला तर सरळ ठेवून द्यावा. त्याच्या सांगण्यावरून कोणताही प्रोग्राम उतरवून घेऊ नये. कोणी पैसे काढलेच असतील तर विनाविलंब १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही.

राहिला फॉरमॅटचा प्रश्न. कधी कधी तो खरोखर करावाच लागतो, कारागीर नेहमीच चुकीचे सांगतात असे नाही. परंतु संगणक त्याच्या हाती देण्यापूर्वी हिशेबाच्या डेटाची प्रत काढावी, ती व्हायरससाठी तपासावी आणि दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटचे बिल दिसते का ते पाहावे. शेवटचे बिल दिसले की मगच संगणक दुकानाबाहेर जाऊ द्यावा.