लहान शहरातील सांडपाणी प्रक्रिया आणि तिचे पर्यावरणीय परिणाम : लोणार सरोवराच्या संदर्भात

प्रस्तावना

सांडपाण्याच्या प्रश्नाची चर्चा प्रामुख्याने महानगरांच्या संदर्भात होते. लहान शहरांचे सांडपाणी मात्र बहुधा उघड्या नाल्यांतून जवळच्या जलाशयात मिसळते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे याचे महत्त्वाचे उदाहरण होय. शहराचे सांडपाणी विवरात उतरत असल्याचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोरही आला. प्रस्तुत लेखात या सांडपाण्याचे स्वरूप, प्रक्रियेचे टप्पे आणि सरोवरावरील परिणाम यांचा विचार केला आहे.

सरोवराचे वेगळेपण

बेसॉल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. तळाशी असलेल्या सरोवरात झऱ्यांचे व पावसाचे पाणी येते. परंतु पाणी वाहून जाण्यास मार्ग नाही. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. सोडियमच्या कार्बोनेट क्षारांमुळे पाण्याचा सामू १० च्या आसपास राहत आला आहे. अशा पाण्यात स्पिरुलिनासारखे नील-हरित जीवाणू व क्षारप्रिय सूक्ष्मजीव वाढतात. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी दिसले, त्यास हॅलोआर्किया गटातील क्षारप्रिय सूक्ष्मजीव कारणीभूत असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. २०२० मध्येच सरोवरास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

सांडपाण्याचे प्रमाण

२००१ च्या जनगणनेनुसार लोणारची लोकसंख्या सुमारे २० हजार होती. भुयारी गटारे नसलेल्या शहरांसाठी केंद्र शासनाच्या १९९९ च्या नियमावलीत दरडोई दररोज ७० लिटर पाणीपुरवठा गृहीत धरला आहे. त्यातील ८० टक्के पाणी सांडपाणी होते असे मानल्यास हे प्रमाण दररोज सुमारे ११ लाख लिटर होते. हा केवळ अंदाज असला, तरी निचरा नसलेल्या सरोवरासाठी ही आवक नगण्य म्हणता येणार नाही.

प्रक्रियेचे टप्पे व मर्यादा

प्राथमिक प्रक्रियेत चाळण्या व निवळण टाक्यांद्वारे घन पदार्थ वेगळे केले जातात. द्वितीय प्रक्रियेत सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात व जैवरासायनिक प्राणवायू मागणी घटते. नत्र व स्फुरद पुरेशा प्रमाणात काढण्यासाठी सामान्यतः तृतीय प्रक्रिया लागते. खर्च, वीज व कुशल मनुष्यबळ यांअभावी लहान नगरपरिषदांना ती परवडत नाही.

येथे मानकांचा मुद्दा उपस्थित होतो. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा सामू ६.५ ते ९ आणि महानगरांव्यतिरिक्त इतरत्र जैवरासायनिक प्राणवायू मागणी प्रतिलिटर ३० मिलिग्रॅमपर्यंत ठरविण्यात आली. नत्र व स्फुरद यांच्या मर्यादा मात्र तीत नव्हत्या. वाहत्या नदीसाठी स्वीकारार्ह ठरणारे असे पाणी लोणारसाठी मात्र परके ठरते.

पर्यावरणीय परिणाम

पहिला परिणाम सौम्यीकरणाचा आहे. गोड्या पाण्याची आवक बाष्पीभवनापेक्षा अधिक झाल्यास पातळी वाढते, क्षारता व सामू घटतो आणि क्षारप्रिय जीवांच्या जागी सामान्य प्रजातींना वाव मिळतो. दुसरा परिणाम पोषणद्रव्यांचा आहे. बाहेर जाण्यास मार्ग नसल्याने स्फुरद गाळात व पाण्यात साचत जातो. तिसरा परिणाम आरोग्याशी संबंधित आहे. गोडे पाणी हलके असल्याने काठाजवळ वरच्या थरात राहू शकते आणि तेथे विष्ठाजन्य जीवाणू काही काळ तग धरू शकतात.

उपाययोजना

नाले विवराच्या कडेपूर्वीच अडवून सांडपाणी पाणलोटाबाहेर नेणे ही पहिली आवश्यकता होय. तेथे नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिडसारख्या, पाणवनस्पतींवर आधारित पद्धती कमी विजेत वापरता येतील. प्रक्रिया केलेले पाणी शेतीस देतानाही क्षेत्र पाणलोटाबाहेरच निवडावे. अन्यथा नत्र भूजलातून पुन्हा झऱ्यांत उतरेल. शौचकुपांतील मैला वेळोवेळी काढून त्यावर स्वतंत्र प्रक्रिया करणेही आवश्यक आहे. सरोवराचा सामू, क्षारता व पातळी यांच्या नियमित नोंदी ठेवण्यात परिसरातील महाविद्यालयांचे विज्ञान विभाग मोलाचे सहकार्य करू शकतील.

निष्कर्ष

सांडपाणी किती स्वच्छ झाले एवढाच प्रश्न पुरेसा नाही. ते कोठे सोडले जाते, हाही तितकाच महत्त्वाचा आहे. लोणारच्या बाबतीत अस्वच्छ पाणी जसे घातक, तसेच मानकांत बसणारे गोडे पाणीही सरोवराचे मूळ स्वरूप बदलू शकते. म्हणून प्रक्रिया केंद्राचे यश केवळ केंद्राच्या तोंडाशी न मोजता सरोवराच्या पाण्यात मोजले जाणे आवश्यक आहे.