पाव मैलाचा रथ

मुलें कात्री, रंग आणि चिकटवण्याचें सामान घेऊन बसलीं म्हणजे ‘अभ्यास सोडून हा काय पसारा मांडला?’ असें म्हणण्याची वडील मंडळींची रीत आहे. आम्हीही जन्मभर तेंच म्हणत आलों. शाळेंत संस्कृत शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. त्यामुळें अशा उद्योगास ‘काकदंतपरीक्षा’, म्हणजे कावळ्याचे दांत मोजण्याचा खटाटोप, हें नांव आमच्या जिभेवर तयारच असे. परंतु गतवर्षीं चिरंजीवांकडे कॅलिफोर्नियांत कांहीं महिने राहिलों असतां अकरा वर्षांच्या नातवानें एक पेटी आमच्यापुढें आणून ठेविली आणि आमचें हें मत पालटलें. तें कसें, तेवढेंच येथें सांगावयाचें आहे.

पेटींत ड्रॅग शर्यतीच्या एका जुन्या गाडीचे प्लॅस्टिकचे सुटे भाग होते. ही शर्यत आपल्याकडे फारशी परिचित नाहीं. दोन गाड्या सरळ रस्त्यावर शेजारीं शेजारीं उभ्या करावयाच्या, खूण होतांच सुटावयाचें, आणि पाव मैल, म्हणजे १३२० फूट, जी आधीं काटील ती जिंकली. तेथील तरुण मंडळी हा खेळ भर रस्त्यावर खेळत. वॉली पार्क्स या गृहस्थांनीं १९५१ मध्यें राष्ट्रीय संस्था स्थापून त्यास नियमांची चौकट घालून दिली.

आमची प्रतिकृति १९६० नंतरच्या दशकांतील ‘स्लिंगशॉट’, म्हणजे गलोल, जातीच्या गाडीची होती. लांबलचक नळ्यांचा सांगाडा, पुढें सायकलीसारखीं बारीक चाकें, मध्यें उघडें इंजिन, आणि मागच्या रुंद चाकांच्याही पाठीमागें, गलोलींतील खड्याप्रमाणें, बसलेला चालक! प्रमाण एकास पंचवीस. या मापानें साडेपांच फुटांचा मनुष्य अडीच इंचांहून किंचित् उंच होतो, आणि सारी शर्यत ५३ फुटांत, घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत, आटोपते.

हें काम उतावळ्याचें नव्हे. प्रत्येक भाग चौकटींतून अलगद कापावा. सांच्याची उमटलेली रेघ पॉलिशकागदानें घासून घालवावी. आणि कांहींही चिकटविण्यापूर्वीं सर्व भाग एकदां नुसते जुळवून पहावे. रुपेरी मुलामा दिलेल्या भागांचा मुलामा सांध्यापुरता खरवडावा, कारण चिकटद्रव्य प्लॅस्टिक विरघळवून सांधा करतें; मुलाम्यावर तें धरत नाहीं. रंग पातळ द्यावा व एक हात वाळल्यावांचून दुसरा देऊं नये. धूर सोडणाऱ्या नळ्यांचीं तोंडें भरीव असतात, तीं बारीक गिरमिटानें पोखरावीं. मागचे टायर थोडे घासून निस्तेज केले म्हणजे ते धांवलेले दिसतात.

इंजिनाच्या माथ्यावर हवा कोंबणारें एक यंत्र असतें. त्याचें ‘६-७१’ हें नांव ऐकून आम्हांस तो सन वाटला! वस्तुतः तें मूळच्या डिझेल इंजिनावरून पडलें आहे: सहा सिलिंडर, प्रत्येक ७१ घनइंचांचा. अवजड वाहनांचा हा अवयव हौशी मंडळींनीं शर्यतीच्या गाडीवर चढविला.

ठिणगीच्या तारा पेटींत नव्हत्या. त्या आपणच घालावयाच्या. खरी तार ८ मिलिमीटर जाड. तिला २५ नें भागतां ०.३२ मिलिमीटर येतात. शिवणाच्या दोऱ्यास तंतु सुटतात, म्हणून एका मोडक्या उपकरणांतील केसासारखी तार काढली. मॅग्नेटोच्या वाटोळ्या टोपीपासून आठ सिलिंडरांपर्यंत आठ तारा आम्हीं दोन संध्याकाळ खपून बसविल्या. टोपीभोंवतीं क्रम १, २, ३, ४ असा.

नातू पाहून म्हणाला, “आजोबा, तुमचा क्रम चुकला. क्रायस्लरच्या या इंजिनांत ठिणगी १, ८, ४, ३, ६, ५, ७, २ अशी पडते.”

“अरे, हें इंजिन कोठें चालावयाचें आहे? आणि मोजतो कोण?”

“मी मोजलें ना!”

ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीस ‘वाचणाऱ्यास कळतें, गुरुजी’ असें म्हणणाऱ्या मुलांस आम्हीं कधीं सोडलें नव्हतें. आठही तारा उपटून पुन्हा घातल्या.

चालकाची बैठक बसवितांना त्याचे पाय कोठें जातात हा प्रश्न निघाला. ते मागच्या आंसावरून दोन्ही बाजूंनीं पुढें जाऊन क्लच व गिअर यांच्या अगदीं लगत टेकतात. नातवाचें बोट तेथेंच थांबलें. “म्हणजे कांहीं फुटलें तर पायांवरच?”

तसेंच घडलें होतें. मार्च १९७० मध्यें लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस लायन्स येथील शर्यतींत डॉन गार्लिट्स यांच्या ‘स्वॅम्प रॅट १३’ या गाडीचे गिअर सुटतांच फुटले, गाडी दुभंगली आणि त्यांच्या उजव्या पावलाचा भाग तुटून गेला. रुग्णालयांत पडल्या पडल्या त्यांनीं नव्या गाडीचा विचार चालविला: इंजिन पाठीमागें, चालक पुढें. असे प्रयत्न पूर्वींही झाले होते, परंतु त्या गाड्या सरळ धांवत नसत. गार्लिट्स व त्यांच्या सोबत्यांनीं सुकाणूचा वेग मंद करून ती अडचण दूर केली, आणि १९७१ च्या आरंभीं पोमोना येथें ती गाडी जिंकली. पुढें कांहीं वर्षांतच सर्वोच्च वर्गांतून पुढच्या इंजिनाच्या गाड्या दिसेनाशा झाल्या.

हें सर्व पुस्तकांत वाचावयास मिळालें असतें. परंतु दोन बोटांनीं तो इवलासा चालक त्या जागीं बसवितांना आमचा हात क्षणभर थबकला, तसा पुस्तक वाचून थबकला नसता. नातवानें त्या रात्रीं प्लॅस्टिकच्या पट्टीचे दोन तुकडे कापून चालकाच्या पायांखालीं पट्ट्या म्हणून बसविले. बाहेरून त्या दिसत नाहींत.

गाडी आज चिरंजीवांच्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. येणारे जाणारे रंगाची वाखाणणी करतात. तारा कोणी मोजीत नाहीं. कावळ्यास दांत नसतात, म्हणून ते मोजणें व्यर्थ. येथें मात्र प्रत्येक तारेस कारण होतें आणि चालकाच्या जागेची किंमत एका मनुष्यानें पायानें दिली होती. घरांत असा पसारा पडलेला दिसला तर वडील मंडळींनीं रागावण्यापूर्वीं चष्मा लावून घटकाभर शेजारीं बसून पहावें, एवढीच आमची विनंति आहे.