हिशेबाचा तक्ता अपुरा पडू लागला म्हणजे



दिवाळीच्या आगेमागे आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजारपेठेत जा. चिखली असो, मेहकर असो, नाहीतर खामगाव असो, सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागलेली दिसते. अशाच एका हंगामात एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या कचेरीत मी बसलो होतो. एक वयस्क शेतकरी आत आला आणि म्हणाला, "माल माहा, काटा तुमचा, पावती बी तुमचीच. मंग पैसे कुठी गेले?"

कोणी पैसे खाल्ले नव्हते. माप बरोबर होते, भाव बरोबर होता. घोटाळा निघाला तो संगणकावरच्या तक्त्यात. या शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक सोळा आकडी होता. एक्सेलचा तक्ता संख्येचे पहिले पंधराच आकडे जपून ठेवतो आणि सोळाव्याच्या जागी शून्य मांडतो. त्यामुळे रक्कम बँकेत गेली आणि परत आली. त्या माणसाची रब्बीची पेरणी मात्र तोवर खोळंबली होती.

आज मी बोलणार आहे ते याच विषयावर. तक्त्यात हिशेब ठेवणारा धंदा वाढला म्हणजे काय अडचणी येतात, आणि 'लो-कोड' म्हणून जी नवी साधने निघाली आहेत ती काय करतात, एवढे आपण पाहू.

आधी तक्त्याचा मान राखला पाहिजे. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिझिकॅल्क' नावाचा संगणकी तक्ता बाजारात आणला. कल्पना सुचली ती वर्गात. फळ्यावर एक आकडा बदलला की खालचे सगळे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हे ब्रिकलिन यांनी पाहिले होते. शिक्षकांना हे दुखणे सांगायला नकोच! एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलावेत, एवढ्यासाठी हा तक्ता झाला. पुढे १९८५ साली एक्सेल आले. अंदाजपत्रक करायचे, भाव वाढला तर नफा किती ते पाहायचे, याला आजही तक्त्यासारखे साधन नाही.

अडचण येते ती तक्त्यालाच आपण नोंदवही करतो तेव्हा. अडचणी कशा येतात ते पाहा.

गट क्रमांक १२/१ असा लिहिला, तर तक्ता त्याला तारीख समजतो आणि '१२ जानेवारी' करून टाकतो. रकाना आधीच 'मजकूर' म्हणून ठरवला तर हे टळते; पण ते दर वेळी लक्षात राहायला हवे ना? दुसरी गोष्ट वजनाची. एक कारकून ४ क्विंटल ३५ किलो हे ४.३५ असे लिहितो, दुसरा ४३५ लिहितो. तक्ता दोन्ही मुकाट्याने घेतो. तिसरी गोष्ट नावांची. आपला जिल्हा शेगावच्या गजानन महाराजांचा. गावागणिक गजानन किती, ते तुम्हीच मोजा! नावावरून हिशेब लावला की एकाची पावती दुसऱ्याच्या नावे पडायला वेळ लागत नाही. आणि चौथी गोष्ट प्रतींची. फाइल मोबाइलवरून पाठवली, दुरुस्त केली, परत पाठवली. मग 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम नवीन २' अशा तीन फायली होतात. खरी कोणती? कोणालाच ठाऊक नसते.

हे फक्त खेड्यातच होते असे समजू नका. २०२० साली इंग्लंडमध्ये करोनाच्या सुमारे १६ हजार रुग्णांची नोंद मोजणीतून सुटली. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फायलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नव्हती. आजच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पण तोही अखेर तक्ताच.

आता लो-कोड म्हणजे काय? संगणकाला काम सांगायचे तर त्याच्या भाषेत सूचना लिहाव्या लागतात. त्याला कोड म्हणतात. लो-कोड म्हणजे फार थोडा कोड लिहून भागणारे काम. सुतार दर वेळी झाड तोडून फळ्या पाडत नाही. तयार चौकटी आणून घराच्या मापाने बसवतो. तसेच हे. अर्ज, यादी, नियम, मंजुरी असे तयार ठोकळे असतात, ते आपण आपल्या कामाप्रमाणे जुळवायचे.

आत रचना कशी असते, हे तर आपल्याला केव्हाचेच माहीत आहे. तलाठ्याचे दप्तर आठवा. सात-बारा जमिनीच्या गटाचा, आठ-अ खातेदाराचा, आणि फेरफाराची नोंदवही वेगळी. खातेदाराचा खाते क्रमांक आणि जमिनीचा गट क्रमांक यांनी ही कागदपत्रे एकमेकांना बांधलेली. जमीन विकली तर जुने नाव खोडरबराने पुसत नाहीत. फेरफार पडतो, त्याला क्रमांक आणि तारीख असते, आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो.

चांगल्या साधनात अगदी असेच असते. सभासदांची एक यादी, खरेदीची दुसरी, चुकाऱ्याची तिसरी. प्रत्येक सभासदाला एक क्रमांक. खरेदी नोंदवताना नाव टंकायचे नाही, यादीतून सभासद निवडायचा. म्हणजे कोणता गजानन हा प्रश्नच उरत नाही. वजन किलोतच विचारायचे, क्विंटल साधनाने काढायचे. ओलावा १२ ऐवजी चुकून १२० लिहिला, तर नोंद पुढे जाऊच द्यायची नाही. खाते क्रमांक हा मजकूर, हे एकदाच ठरवायचे. कोणी, केव्हा, काय बदलले ते नोंदले जाईल अशी व्यवस्था करायची. आणि चुकाऱ्याला दुसऱ्या माणसाची मंजुरी लागेल असा नियम घालायचा.

मोबाइलवर असा अर्ज भरणे आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पीक यादीतून निवडायचे, शेतातूनच छायाचित्र काढायचे, हे तो शिकलाच आहे.

साधने पुष्कळ आहेत. चेन्नईच्या झोहो कंपनीचे 'क्रिएटर' आहे, गूगलचे 'ॲपशीट' आहे, मायक्रोसॉफ्टचे 'पॉवर ॲप्स' आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे 'ईआरपीनेक्स्ट' मुक्त परवान्याचे आहे; ते स्वतःच्या यंत्रावरही बसवता येते. मी कोणाची शिफारस करीत नाही. पण घेण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारा. माणशी दरमहा भाडे किती, आणि कामाला माणसे वाढली तर किती? सातपुड्याच्या पायथ्याशी मोबाइलला रेंज नसली तर नोंद होईल का? उद्या हे साधन सोडायचे ठरले तर आपली सगळी माहिती बाहेर काढता येईल का? आणि ते सांभाळणार कोण? एकट्या हुशार पोरावर सगळा भार टाकू नका. त्याला शहरात नोकरी लागली की कुलूप आत आणि किल्ली बाहेर! निदान दोघांना शिकवा.

बदल करायचा तो हंगामाच्या ऐन गर्दीत नव्हे, उन्हाळ्यात करा. आधी जुना तक्ता साफ करा. दुबार नावे काढा, खाते क्रमांक पासबुकावरून पुन्हा ताडून घ्या. कचरा नव्या घरात नेला तर घर नवे, कचरा तोच. मग एकाच खरेदी केंद्रावर सुरुवात करा. एक हंगाम जुने आणि नवे दोन्ही चालवा, आणि रोज संध्याकाळी बेरीज जुळवा. जिथे जुळणार नाही तिथेच खरे शिक्षण होईल. सभासदाला छापील पावती मात्र देत चला, ती बंद करू नका.

आणखी एक. सभासदांचे खाते क्रमांक, आधार, मोबाइल ही त्यांची ठेव आहे. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली झाला. कायदा नसता तरी दुसऱ्याची ठेव चव्हाट्यावर मांडू नये, हे आपल्याला घरीच शिकवलेले आहे. ज्याला जेवढे पाहणे जरूर आहे, तेवढेच त्याला दिसू द्या.

गुरुजनहो, तुम्हाला एक विनंती. वरच्या वर्गातल्या मुलांना वाचनालयाच्या पुस्तकांची नोंद तीन याद्यांत करायला लावा: पुस्तके, वाचक आणि देवघेव. संगणक नसला तर वहीवर करा. क्रमांकाने याद्या जोडणे ज्याला कळले, त्याला पुढे कोणतेही साधन अवघड जाणार नाही.

त्या शेतकऱ्याचे पैसे नंतर मिळाले. पण जाताना तो म्हणाला, "तुमच्या मशिनीपेक्षा माही पावती खरी निघाली." मला वाटते, नवे साधन घेताना एवढी एकच कसोटी पुरे आहे. सभासदाच्या हातची पावती आणि आपल्या दप्तरातली नोंद ही शेवटच्या आकड्यापर्यंत एक असली पाहिजे. ती असली, तर काट्यावरचा विश्वास टिकतो. आणि आपला धंदा त्या विश्वासावरच उभा आहे.